सलाईन किती लावली?

आमच्या कारापुरात कोणी इस्पितळातून घरी आलं की भेटायला येणारी माणसं आधी आजाराचं नाव विचारत नाहीत. ‘सलाईन किती लावली?’ असं विचारतात. एक बाटली म्हणजे किरकोळ. तीन म्हणजे बऱ्यापैकी. सात-आठ बाटल्या सांगितल्या की समोरचा गप्प होऊन पाय जवळ घेऊन बसतो. डॉक्टरने सलाईन लावलीच नाही तर पैसे उगाच घेतले असं आमच्याकडे अजूनही समजतात. नदीपलीकडे साखळीत वेगळं काही असेल असं मला वाटत नाही, आणि तुमच्या गावीही नसावं.

हा हिशेब मला चुकीचा वाटायला लागला तो माझ्या धाकट्या काकांच्या ऑपरेशनमुळे. त्यांना घरात आम्ही सगळे भाई म्हणतो. वय ६८, अडकित्ता हातात, कुळागर सोडून चार दिवस कुठे राहिले नाहीत असे. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. गोव्याबाहेरच्या एका इस्पितळात ऑपरेशन ठरलं. ते पाच तास चाललं, आणि वेळ लांबल्यामुळे त्या रात्री भाईंना व्हेंटिलेटरवरच ठेवायचं ठरलं. बाहेरच्या बाकड्यावर काकी, माझा चुलत भाऊ आणि मी.

रात्री दीडच्या सुमाराला भाईंचं बीपी खाली यायला लागलं. हे आम्हाला कळलं कारण चुलत भाऊ दर पंधरा मिनिटांनी काचेतून मॉनिटर बघत होता. भूलतज्ज्ञ डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्याने विचारलंच, ‘‘डॉक्टर, मग सलाईन वाढवा ना! पाच तासांत दोनच लिटर दिलंय म्हणे.’’ त्या म्हणाल्या, ‘‘देऊन उपयोग होईल की नाही ते आधी बघते. एक मिनिट लागेल.’’ आत गेल्या, व्हेंटिलेटरवर काहीतरी फिरवलं, मॉनिटरकडे बघत उभ्या राहिल्या, पुन्हा फिरवलं. बाहेर येऊन म्हणाल्या, ‘‘सलाईन नको. रक्तवाहिन्या सैल पडल्यात, त्या आवळणारं औषध सुरू करते.’’

चुलत भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. खरं सांगायचं तर माझाही. मी बीई झालेला, बारा वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून पोट भरणारा माणूस. पण त्या रात्री माझ्याही डोक्यात टाकीचाच हिशेब होता. नळाला दाब कमी आला, टाकीत पाणी घाला. एका मिनिटात या बाईंनी काय बघितलं?

सकाळी बीपी ठीक होतं. ड्युटी संपवून निघताना त्या पाच मिनिटं थांबल्या आणि एक्स-रेच्या पाकिटामागे एक वाकडी रेघ काढून दाखवली. त्यानंतरच्या आठवड्यात रात्री जागून जे वाचलं ते आणि ती रेघ मिळून हा लेख.

आधी ती रेघ. हृदयात जितकं रक्त येऊन भरतं, तितकं ते जोराने आकसतं आणि जास्त रक्त पुढे ढकलतं. जर्मनीत ऑटो फ्रँक आणि इंग्लंडमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी हे शंभरहून जास्त वर्षांपूर्वी दाखवलं. पण हे अमर्याद चालत नाही. रेघ सुरुवातीला चढाची असते, मग आडवी होते. चढावर असलेल्या हृदयाला पाव लिटर सलाईन दिलं तर ते प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त टाकतं. सपाटीवर पोचलेल्या हृदयाला तेवढंच दिलं तर ते काहीही जास्त करत नाही. पाणी मागे फुफ्फुसात, आतड्याच्या भिंतीत, पायांत साचतं. आतडं नुकतंच कापून शिवलेलं असताना ते सुजणं म्हणजे काय, हे टाके पडलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

अडचण अशी की चढ आणि सपाटी बाहेरून सारखीच दिसतात. दोघांचं बीपी कमी, दोघांची लघवी कमी. बीपी ढासळलेल्या अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना सलाईन दिलं तर ढोबळमानाने निम्म्यांच्याच हृदयाचा प्रवाह वाढतो असं अनेक अभ्यासांत आढळलंय. म्हणजे न बघता बाटली जोडणं हे नाणं उडवण्याइतकंच.

बाटलीचा इतिहासही मजेशीर आहे. १८३२ साली स्कॉटलंडमधल्या लीथ गावात थॉमस लाटा नावाच्या डॉक्टरने कॉलऱ्याच्या रुग्णांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. त्याच्या आधी विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने कॉलऱ्याच्या रुग्णांचं रक्त तपासून त्यातलं पाणी आणि क्षार कमी झालेत हे दाखवलं होतं. (हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा टाकल्या. आमच्या धंद्याचा पूर्वज म्हणायला हरकत नाही.) लाटाची पहिली रुग्ण एक म्हातारी बाई होती. मरायला टेकलेली ती पाणी मिळताच बोलायला लागली. लाटा निघून गेल्यावर जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा दिलं गेलं नाही, आणि ती काही तासांत गेली. कॉलऱ्याचा रुग्ण असतोच चढावर. तिथे बाटल्या मोजणारे आमचे शेजारी शंभर टक्के बरोबर. गडबड अशी झाली की कॉलऱ्यातला धडा सगळ्यांना लागू झाला.

मोठ्या ऑपरेशनात तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भरपूर सलाईन देणं हीच रीत होती. २००३ साली डेन्मार्कमध्ये आतड्याच्या ऑपरेशनच्या रुग्णांवर अभ्यास झाला. कमी पाणी दिलेल्यांना त्रास कमी झाला. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला, ‘कोरडं ठेवा’. २०१८ साली पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या ३००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना हात सोडून, निम्म्यांना हात आखडून पाणी दिलं. पहिल्या २४ तासांत एकीकडे साधारण ६.१ लिटर, दुसरीकडे ३.७. वर्षानंतर धडधाकट जगणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं, ८२ टक्क्यांच्या आसपास. पण कोरडं ठेवलेल्यांपैकी ८.६ टक्क्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, दुसरीकडे ५ टक्के. थोडक्यात, काकी म्हणत होती तसं ‘जास्त द्या’ हेही चूक आणि डोळे मिटून ‘कमी द्या’ हेही चूक. सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाहीच. या माणसाला, या घटकेला चालेल का, हे विचारावं लागतं.

मग विचारायचं कसं? एक सोपी युक्ती तुमच्या आजीला माहीत होती. चक्कर आलेल्या माणसाला आडवं करून पाय वर धरायचे. पायांतलं रक्त हृदयाकडे येतं, सुमारे ३०० मिलिलीटर. हृदयाचा प्रवाह वाढला तर चढ, नाही तर सपाटी. पाय खाली ठेवले की रक्त परत, काही बिघडत नाही. अतिदक्षता विभागात हे रीतसर करतात. पण ऑपरेशन टेबलावर पोट उघडं असताना सर्जनला ‘जरा थांबा, पाय वर करतो’ असं कोण म्हणणार?

तिथे उपयोगी पडतो श्वास. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो तेव्हा छातीतला दाब वाढतो आणि शिरांतून हृदयाकडे येणारं रक्त क्षणभर कमी होतं. दोन-चार ठोक्यांनी ती कमतरता डाव्या बाजूला पोचते आणि नाडीचा जोर किंचित उतरतो. श्वास सोडला की परत येतो. म्हणजे यंत्र दर श्वासाला हृदयाचं थोडं रक्त काढून घेऊन परत देत असतं, फुकटात. चढावरच्या हृदयाला हा फरक जाणवतो आणि नाडी हेलकावते. सपाटीवरच्या हृदयाला फरक पडत नाही.

मनगटाच्या धमनीत बारीक नळी घातलेली असली की हा हेलकावा मोजता येतो. वरचं बीपी वजा खालचं म्हणजे नाडीचा जोर. समजा एका श्वासात तो जास्तीत जास्त ४४ आणि कमीत कमी ३८ झाला. फरक ६, सरासरी ४१. सहाला एक्केचाळीसने भागलं की जवळपास १५ टक्के. २००० साली पॅरिसमधल्या फ्रेडरिक मिशार आणि जाँ-लुई तेबूल यांच्या गटाने दाखवलं की १३ टक्क्यांच्या वर हेलकावा असेल तर सलाईनला बहुतेक प्रतिसाद मिळतो. नववीतल्या मुलाला जमेल असं गणित, आणि मॉनिटर ते आपोआप दाखवतो.

इथपर्यंत वाचून मी खूश झालो होतो. इतकं स्वच्छ सूत्र आमच्या धंद्यात क्वचित मिळतं. आणि नेमकं इथेच आमच्या धंद्यातलं एक जुनं दुखणं निघालं. १३ हा आकडा ज्या रुग्णांवरून काढला त्यांना व्हेंटिलेटर मोठे श्वास देत होता, वजनाच्या दर किलोला ८ मिलिलीटर किंवा त्याहून जास्त. त्याच सुमाराला कळलं की मोठे श्वास फुफ्फुसांना इजा करतात, आणि डॉक्टर ६ मिलिलीटरवर आले. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासानंतर पोटाच्या ऑपरेशनातही लहान श्वासांचा आग्रह वाढला. श्वास लहान, म्हणजे छातीतला धक्का लहान, म्हणजे नाडीचा हेलकावाही लहान. हृदय चढावर असलं तरी आकडा ७ किंवा ८ दाखवणार आणि डॉक्टर म्हणणार ‘नको’. सूत्र तेच, मॉनिटर तोच, पण ज्या जगात ते शिकलं ते जगच बदललेलं. आम्ही प्रोग्राम लिहितो तेव्हा जुन्या डेटावर बसवलेली मर्यादा नव्या डेटावर तशीच चालू ठेवून असेच फसतो. फरक इतकाच की आमच्याकडे फार तर कोणाची ऑर्डर चुकते.

आता यातला आपला भाग. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं इस्पितळ आहे, १९४१ पासूनचं. तिथल्या डॉ. शीला नैनन मायात्रा, डॉ. जिगीषू दिवाटिया, डॉ. अतुल कुलकर्णी (नट नव्हेत) आणि सहकाऱ्यांनी वरच्याच तेबूल यांना आणि झाविए मोने यांना सोबत घेऊन एक साधा प्रश्न विचारला. श्वास लहान असल्यामुळे आकडा फसवतो, तर एकच मिनिट श्वास मोठा केला तर? ६ वरून ८ मिलिलीटर करायचा, हेलकावा किती बदलतो ते बघायचं आणि परत ६ वर यायचं. २०१७ साली त्यांनी निकाल प्रसिद्ध केला. ६ वर असताना नुसता आकडा बघून काहीच नीट सांगता येत नव्हतं. पण मिनिटभर श्वास मोठा केल्यावर हेलकावा ३.५ टक्के किंवा त्याहून जास्त वाढला, तर त्या रुग्णाला सलाईनचा उपयोग होणार हे जवळजवळ अचूक सांगता आलं.

भाईंच्या डॉक्टरांनी पाकिटावर लिहिलेलं मी जपून ठेवलंय: ‘६ → ७’. लहान श्वासावर हेलकावा ६ टक्के होता, मोठ्यावर ७ झाला. वाढ एका टक्क्याची. ‘‘आपल्या परळच्या टाटातली युक्ती आहे ही,’’ असं त्या म्हणाल्या तेव्हा चुलत भाऊ पहिल्यांदा हसला.

मला या युक्तीत आवडलं ते हे की तिने नवं यंत्र मागितलं नाही. नवी सुई नाही, नवा सेन्सर नाही, जास्तीचा पैसा नाही. मनगटातली नळी आणि व्हेंटिलेटर आधीच तिथे होते. आकडा खोटं बोलतोय असं वाटलं तर तो फेकून न देता व्यवस्थेला हलकासा धक्का द्यायचा आणि ती कशी हलते ते बघायचं. उभा आकडा जे लपवतो ते हलणारा आकडा सांगून टाकतो.

अर्थात मूळ अभ्यास लहान होता: २० रुग्ण, मोजमापांचे ३० संच, तेही ऑपरेशन टेबलावरचे नव्हे तर अतिदक्षता विभागातले. नंतर इटलीतल्या डॉक्टरांनी मेंदूच्या ऑपरेशनात ती वापरून बघितली, इतरांनी इतरत्र. आकडे पहिल्याइतके चकचकीत राहिले नाहीत, पण युक्ती टिकली. तिच्याही अटी आहेत. रुग्ण स्वतः श्वास घेत असेल तर चालत नाही. ठोके अनियमित असतील तर चालत नाही. छाती उघडी असेल तर चालत नाही. भाई त्या रात्री पूर्ण झोपेत होते, ठोके नियमित होते, म्हणून प्रश्न विचारता आला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः श्वास घ्यायला लागल्यावर तोच आकडा मॉनिटरवर दिसत होता, पण त्याला अर्थ नव्हता. मॉनिटर हे सांगत नाही, तो आकडा दाखवत राहतो.

तुमच्यातले बरेच जण माझ्यासारखेच संगणकवाले, म्हणून पुढचं सांगतो. ‘हे सगळं एआय करेल की’ असं तुमच्या मनात आलंच असेल. सलाईनच्याच शेजारचा एक प्रयोग झालाय. ऑपरेशनात बीपी पडण्याआधी काही मिनिटं इशारा देणारा प्रोग्राम, नाडीच्या लहरींवर शिकवलेला, २०१८ मध्ये जाहीर झाला. अचूकता थक्क करणारी होती. मग २०२२ मध्ये डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी त्याची शिकवणी तपासली. सरासरी बीपी ६५ च्या खाली म्हणजे ‘पडलं’, आणि ‘ठीक’ या गटात फक्त ७५ च्या वरचे तुकडे घेतलेले. मधला ६५ ते ७५ चा पट्टा ‘ठीक’मध्ये नव्हताच. म्हणजे सध्याचं बीपी ७२ असेल तर त्या डेटात उत्तर ठरलेलंच: पडणार. मग प्रोग्रामला फार हुशार असायची गरजच उरत नाही, सध्याचं बीपी वाचलं तरी पुरे. तो निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पण जी परीक्षा त्याने दिली त्यात अवघड प्रश्न आधीच काढून टाकले होते. अशी परीक्षा मीही पोरांना घेऊ दिली आहे, त्यामुळे फार नावं ठेवत नाही.

आणि एक गोष्ट कुठलाच प्रोग्राम अजून नीट सांगत नाही. सलाईनला प्रतिसाद मिळेल याचा अर्थ सलाईन हवं असा नाही. तुम्ही आत्ता चहा घेत हे वाचताय. तुमचं हृदय बहुधा चढावरच आहे. निरोगी माणसाचं असतंच. म्हणून कोणी तुम्हाला बाटली लावत नाही. रक्त गेलंय का, लघवी होतेय का, पाय गार आहेत का, हे बघून ‘गरज आहे का’ हा प्रश्न आधी आणि ‘उपयोग होईल का’ हा नंतर. त्या रात्री डॉक्टरांनी मॉनिटरआधी भाईंचे पाय हाताने चाचपले होते. चुलत भावाने ते बघितलं होतं आणि त्याला वाटलं होतं की त्या वेळ काढतायत.

भाई नवव्या दिवशी घरी आले. चैत्रोत्सवाला विठ्ठलापुरात देवळाच्या पायऱ्यांवर बसण्याइतके बरे झाल्यावर मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘‘माडीच्या बुंध्याशी आम्ही कळशीभर ओततो आणि उभे राहतो. जिरलं तर पाट सोडायचा, डबकं झालं तर नाही. यात नवं काय?’’ मी म्हटलं, भाई, नवं इतकंच की तुमच्यात कळशीही न ओतता कळलं. हे त्यांना पटलं.

काकीला मात्र अजून पटलेलं नाही. ‘‘एवढं मोठं ऑपरेशन आणि दोन लिटर,’’ असं ती भेटायला येणाऱ्यांना सांगते आणि ती माणसंही हळहळतात. मी मध्ये पडणं सोडून दिलंय.

भाईंनी नंतर ते पाकीट मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं. व्हेंटिलेटरचा श्वास खऱ्या वजनावर ठरत नाही, उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरतो, कारण पोट सुटलं म्हणून फुफ्फुस वाढत नाही. तसं कोपऱ्यात लिहिलं होतं: ‘उंची १६५, श्वास ३७०’. भाई उठून उभे राहिले. ‘‘माझी उंची पाच फूट सहा इंच आहे. पाच-पाच कोणी लिहिली?’’ मी मोबाईल काढून हिशेब केला. दर श्वासाला चौदाएक मिलिलीटरचा फरक. ‘‘बघ,’’ ते म्हणाले, ‘‘कमीच दिलं.’’